रिकामी यादी

बोगद्याच्या तोंडाशी पूर्वी एक लाकडी फळा होता. फळ्यावर खिळे, खिळ्यांवर पितळी बिल्ले. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आला की काढून खिशात टाकायचा. सगळे खिळे उघडे दिसले की मुकादम लोखंडी दाराला कडी घालायचा आणि वर टेकडीवरच्या दारघरात फोन करायचा की सोडा पाणी. वर्षातून एकदा बोगदा कोरडा करून डागडुजी व्हायची आणि दरवर्षी हे असंच चालायचं. चालतंय ते चालू द्यावं म्हणतात, पण ताईच्या डोळ्यांत तो फळा खुपू लागला.

ताईला सगळं ऑफिस ताईच म्हणायचं. याला कारण तिचा धाकटा भाऊ, बारक्या. ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात प्रोग्रामर आणि तो त्याच ठिकाणी रंगाऱ्यांच्या टोळीत. बोगद्याच्या भिंतींना आतून रंग द्यायचं त्याचं काम. दिवसातून चार वेळा तो वर तिच्या खोलीत यायचा, चार्जर दे, पाणी दे, काहीच नाही तर उगाच ताई, ताई करत खुर्चीवर गोल फिरायचा. घरी आई आणि ही दोघं. बारक्याला या कामाला लावला तोही ताईनेच, आईच्या मनाविरुद्ध. आई म्हणाली होती, "जमिनीच्या पोटातलं काम, बाई. त्याच्या जिवाची हमी तू घेणार असशील तर घाल." ताईने हमी घेतली होती.

आणि म्हणूनच तिला फळा नको होता. कुणी बिल्ला खिळ्यावर विसरूनच घरी जायचा, कुणी मित्राची गंमत म्हणून दोन अडकवायचा. बारक्या तर दोनदा बिल्ला न लावताच आत गेला होता. ताईने मोठ्या साहेबांसमोर भर बैठकीत सांगितलं, "फळ्यावरचा बिल्ला खोटं बोलू शकतो, यादी बोलत नाही." वाक्य छान होतं. साहेबांना आवडलं. महिनाभरात फळा गोदामात गेला आणि मुकादमाच्या हातात टॅबलेट आला. आत जाणाऱ्याचं नाव यादीत घालायचं, बाहेर आला की चेहरा बघून काढायचं, सेव्ह करायचं. पाण्याचं दार यादीलाच बांधून टाकलेलं. यादीत एक जरी नाव असलं तर वरची मोटर दार उचलणारच नाही, उचललेलं असलं तर खाली घेईल. नाव घालता येईल कुठूनही, काढता येईल फक्त बोगद्याच्या तोंडाशी. हा नियम ताईचा, आणि तिला त्याचा फार अभिमान होता.

ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्यावर, तिने हे उभं केलं होतं, त्याचा स्वभाव तिला घरच्या माणसाइतका पाठ होता. यादी म्हणजे त्याच्या लेखी एक कुटुंब. सेव्ह व्हायचं तर सगळ्यांनी एकदम, सुटं एकेकाला सेव्ह करायची सोय नाही. यादीतून नाव काढलं तरी ते लगेच पुसलं जात नाही. यादीच्याच पोटात एक मागची खोली असल्यासारखी असते, तिथे ते 'काढलेलं' म्हणून गप्प बसून राहतं. पडद्यावर दिसत नाही, पण असतं. मग कुणी सेव्ह दाबलं की फ्रेमवर्क आधी त्या मागच्या खोलीत जातं, तिथे असतील त्यांना कायमचं पुसतं आणि मग नव्यांची नोंद करायला घेतं. सेव्ह न दाबता खिडकी बंद केली तर मागच्या खोलीतल्यांच्या केसालाही धक्का लागत नाही.

आता मुकादमाला एवढी मोठी यादी नको होती. त्याला फक्त वेल्डर बघायचे असले तर वेल्डरच दिसावेत, फक्त रंगारी तर रंगारीच. ताईने घाईघाईत एक वेगळी खिडकी करून दिली. टोळी निवडली की बाकीचे दिसेनासे. नीट करायचं तर बाकीच्यांना झाकून ठेवायला हवं होतं. ताईने त्यांना त्या खिडकीपुरतं यादीतून काढूनच टाकलं. एका ओळीचं काम. खिडकी नुसती बघायची, तिला सेव्हचं बटणच नाही, मग बिघडतंय काय. तरी आपली खबरदारी म्हणून तिने कोडमध्ये वर एक सूचना लिहून ठेवली: या खिडकीतून सेव्ह करू नये, माणसं जातील. प्रोग्रामरांची ही जुनी खोड. विहिरीला कठडा बांधायचा नाही, आतल्या बाजूने पाटी लावायची.

त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिच्या हाताखालचा मुलगा, ज्याला सगळे चष्मिस म्हणत, हसत हसत तिच्या टेबलाशी आला.

"ताई, मुकादम जाम खूश झालेत आपल्यावर."

"कशाने? पगार वाढवलास की काय त्यांचा?"

"नाही हो. त्या टोळीच्या खिडकीत नुसतं बघता यायचं ना. नाव काढायला परत मोठ्या यादीत जावं लागायचं, मोठ्या यादीत नाव शोधत बसायला लागायचं. मी तिथेच नाव काढायची सोय करून दिली. आणि सेव्हचं बटण."

ताईचं हसू ओठांवरच राहिलं. "कधी दिलंस?"

"आज सकाळी. तुम्ही यायच्या आधीच टॅबलेटवर टाकलं. छोटंसं तर काम होतं."

"वरची सूचना वाचलीस?"

"कुठली सूचना?"

तिने चाचणीची यादी उघडली. चाचणीच्या यादीत माणसं नसायची, भाज्या असायच्या. ही चष्मिसचीच हौस. वेल्डर कांदा, वेल्डर बटाटा, गवंडी दोडका, रंगारी भोपळा, रंगारी पडवळ. तिने टोळीची खिडकी उघडून वेल्डर निवडले. कांदा आणि बटाटा उरले. कांदा बाहेर आला असं धरून तिने त्याला काढलं आणि सेव्ह दाबलं. मग मोठी यादी उघडली.

मोठ्या यादीत एकटा बटाटा होता. दोडका नाही, भोपळा नाही, पडवळ नाही. त्यांना कुणी बाहेर काढलं नव्हतं. ते आतच होते आणि यादीच्या लेखी आता नव्हते.

"अरे," चष्मिस म्हणाला.

ताईने खरी यादी उघडली. पासवर्ड दोनदा चुकला. खरी यादी रिकामी होती. खाली हिरव्या अक्षरात तिनेच लिहिलेलं वाक्य: आत कोणी नाही.

सकाळी बारक्या वर येऊन तिची पाण्याची बाटली घेऊन गेला होता. "आज लांबच्या वळणावर आहोत," म्हणाला, "दुपारी आणून देतो." बाटलीची जागा टेबलावर मोकळी होती. बाहेर आला असता तर आधी इथे आला असता. का कुठे झाडाखाली जेवत बसला असेल? तिने फोन लावला. बंद. पण बोगद्यात जाणारे फोन बंदच ठेवतात, आणि बारक्या तर बाहेर आल्यावरही चालू करायला विसरतो. मुकादमाला लावला. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून पाहुण्यांकडे गेला होता. "वेल्डर सगळे बाहेर आले, मी स्वतः बघून काढले," तो म्हणाला. "बाकीच्यांचं काय ते बदलीवाल्याला विचारा, टॅबलेट त्याच्याकडे दिलाय." बदली मुकादमाचा फोन लागत होता पण तो उचलत नव्हता.

तेवढ्यात आईचा फोन आला. ताईने तो का उचलला ते तिलाही कळलं नाही.

"बारक्याचा फोन लागत नाहीये," आई म्हणाली. "त्याला सांग, येताना नळाची ती रबरी चकती घेऊन ये. सकाळपासून थेंब थेंब चाललंय. आणि पाणी कधी येणार गं? टाकी तळाला गेलीय."

"संध्याकाळी येईल, आई."

"तो कुठे आहे?"

"कामात आहे," ताई म्हणाली. आईशी खोटं बोलताना तिला नेहमी खोकला यायचा. आज तोही आला नाही.

दारघर ऑफिसच्या मागेच, अंगण ओलांडलं की. अंगणात पाय ठेवला आणि तिला मोटरचा घुमारा ऐकू आला. मोटर चालू असेल तर दार हलतंय, आणि दार हलतंय तर पलीकडे आख्खा जलाशय आहे. ती धावतच आत शिरली.

दारघरात दोघं होते. दार चालवणारे, ज्यांना सगळे दारवाले काका म्हणत, आणि मोठे साहेब. साहेबांच्या कानाला फोन. गावातल्या टाक्या रिकाम्या, इस्पितळातून दोनदा फोन आलेला.

"या, यादीच्या मालकीणबाई," काका म्हणाले. "तुमचा हिरवा दिवा लागला आणि आम्ही शुभारंभ केला. चार बोटं उचललंय. तासभर तळ भिजू दे, मग देतो सोडून सगळं."

"काका, बंद करा. आत माणसं आहेत."

काकांनी दिव्याकडे पाहिलं. साहेबांनी फोन खाली घेतला.

"कोण आहे आत?" साहेबांनी विचारलं.

"रंगारी. गवंडीही असतील. नक्की माहीत नाही."

"यादी काय म्हणते?"

"यादी रिकामी आहे. पण ती चुकीची आहे. खिडकीत घोळ झालाय, वेल्डरांची नावं काढली तेव्हा बाकीचे आपोआप पुसले गेले."

"पुसले गेले कशावरून? ते बाहेर आले म्हणून मुकादमाने काढले नसतील कशावरून?"

"मी आत्ता चाचणी करून बघितलं, साहेब."

"चाचणीचं सोडा. या यादीत काय झालं त्याचा पुरावा?"

"पुरावाच पुसला गेलाय. तेच तर सांगतेय."

साहेब काही दुष्ट नव्हते. दमलेले होते, इतकंच. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, फळ्यावरचा बिल्ला खोटं बोलू शकतो, यादी बोलत नाही. हे कोणाचं वाक्य? तुमच्या या वाक्यावर मी तो फळा काढला. खाली कडी लागलीय, यादी मोकळी आहे, गाव तहानलेलं आहे. उद्या परत कुणाला शंका आली तर परत थांबायचं का?"

कडी लागलीय. म्हणजे तेही झालं होतं. यादी रिकामी दिसली की कडी, हाही तिचाच नियम. एका माणसाला तिने दहा महिने यादीवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं, आणि आता ती त्याला दहा मिनिटांत ते विसरायला सांगत होती. काका बटणाशी उभे होते, पण साहेबांच्या शब्दाशिवाय ते हात उचलणार नव्हते. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, चार महिन्यांनी निवृत्ती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

आपलं म्हणणं इथे कुणी ऐकणार नाही हे तिला कळलं. मग ऐकणारं कोण आहे, तेही कळलं.

ती कोपऱ्यातल्या कम्प्युटरशी गेली. यादी उघडली. नवीन नाव. तिने स्वतःचं नाव घातलं आणि सेव्ह दाबलं.

हिरवा दिवा लाल झाला. मोटर थांबली, क्षणभर गप्प झाली आणि उलटी फिरू लागली. चार बोटं उचललेलं दार आपल्या आपण खाली बसलं.

"हा काय पोरखेळ?" साहेब म्हणाले. "तुम्ही इथे माझ्यासमोर उभ्या आहात."

"यादीला ते माहीत नाही."

साहेबांनी शांतपणे फोन उचलला. कुणाला लावतायत ते ताईला लगेच कळलं. नाव काढता येतं फक्त खालच्या टॅबलेटवरून, आणि टॅबलेट बदली मुकादमाच्या हातात. तिचा फोन न उचलणारा माणूस साहेबांचा पहिल्या घंटेला उचलेल. ती पळत सुटली.

टेकडीवरून बोगद्याच्या तोंडापर्यंत उतरती वाट होती. ऑफिसच्या चपलांनी ती वाट कुणी धावलं नव्हतं. अर्ध्यावर तिने चपला सोडून दिल्या. धावताना तिच्या मनात दोनच गोष्टी आळीपाळीने येत होत्या. बारक्या आत नसला तर आपली नोकरी गेली. बारक्या आत नसू दे. बारक्या आत नसला तर साहेब, चष्मिस, सगळं ऑफिस आयुष्यभर हसेल. हसू दे, नसू दे. आणि मधेच, कारण नसताना, आईचं ते थेंब थेंब चाललंय.

बदली मुकादम तोंडाशीच शेडमध्ये बसला होता. कालपरवाच रुजू झालेला, मिसरूडही अजून धड न फुटलेला. बाजूला जनरेटरचा एवढा आवाज की आतून कुणी दार बडवलं असतं तरी त्याला कळलं नसतं. एका कानाला फोन, मांडीवर टॅबलेट.

"हो साहेब. हो, एकच नाव दिसतंय. काढतो," तो म्हणत होता. मग त्याला ताई दिसली. "मॅडम, हे नाव तुमचंच ना? तुम्ही तर बाहेर आहात. साहेब म्हणतात काढ."

"दार उघड."

"यादी मोकळी होती मॅडम, मी बघूनच कडी घातली."

ताईने त्याच्याशी बोलण्यात वेळ घालवला नाही. तिने स्वतः कडी ओढली. कडी जड होती, तळहाताचं कातडं निघालं. दार कुरकुरत उघडलं आणि आतून थंड, रंगाच्या वासाची हवा अंगावर आली. आत काळोख. कडी घातली की दिवे बंद करायचे, हाही नियम. उंबऱ्याशी पाणी होतं, पाऊल बुडेल इतकंच, पण वाहतं. ती उंबरा ओलांडून त्या पाण्यात उभी राहिली आणि वळली.

"आता काढ माझं नाव," ती म्हणाली.

पोराचं बोट टॅबलेटवर अधांतरी राहिलं. फोनमधून साहेबांचा आवाज बारीक बारीक येत होता. पोराने तिच्याकडे पाहिलं, तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"साहेब," तो फोनमध्ये म्हणाला, "मॅडम आत आहेत. खरंच आत आहेत. मी नाही काढणार."

"दिवे लाव," ताई म्हणाली, आणि आत चालू लागली.

दिवे लागायला वेळ लागायचा, ते पेटतानाही एका टोकाकडून हळूहळू पेटत जायचे. तोवर तिने फोनचा उजेड धरला. या बोगद्याची यादी तिने केली होती, पण बोगद्यात तिने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. भिंती ओल्या, छत अंगावर येणारं. तिने हाक मारली. हाक पुढे गेली आणि परत आली, आणि परत येताना ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटली. पाण्याच्या खळखळाटात माणसाचा आवाज ऐकू येतो की नाही हेच समजेना. आपण पाण्याला माणूस समजतोय की माणसाला पाणी, अशी तिची गत झाली. ती घाबरली होती, आणि हे तिने स्वतःशी कबूल केलं. इतकी की तिला वाटलं, परत फिरावं आणि कुणा पुरुषमाणसाला पाठवावं. मग तिला आठवलं की ती फिरली आणि बाहेर पडली की तिचं नाव काढतील. तिचं नाव आत होतं तोवरच दार खाली होतं.

पुढच्या वळणावर उजेडाचा एक ठिपका हलला.

रंगारी एकामागे एक येत होते, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. पुढे टोळीचा म्होरक्या, हातात मोबाईल. सगळ्यांच्या विजारी घोट्यापर्यंत भिजलेल्या. ताईने एकेकाच्या तोंडावर उजेड धरला. हा नाही. हाही नाही. हाही नाही. शेवटून दुसराही नाही.

"डोळ्यांत नको मारूस गं," शेवटचा म्हणाला.

तिच्या हातून फोन पाण्यात पडता पडता राहिला. बारक्याने तो झेलला.

"दिवे गेले, वाटलं जनरेटर बंद पडला," बारक्या म्हणाला. "मग पायाला पाणी लागलं. तेव्हा कळलं की आपल्याला विसरले. ताई, तुझ्या त्या यादीत नाव होतं ना माझं?"

"होतं," ताई म्हणाली. बाकीचं सांगायला तिच्यात दम नव्हता.

बाहेर आल्यावर उन्हाने सगळ्यांचे डोळे मिटले. रंगारी जिथे जागा मिळेल तिथे बसले. एक जण ओकला. चष्मिस धापा टाकत टेकडी उतरून आला होता, हातात ताईच्या चपला. तो काही बोलायला गेला तेव्हा ती म्हणाली, "नंतर. तुझं बटण आणि माझी ती ओळ, दोघांचं मिळून झालंय. रडायचं असेल तर तेही नंतर." तिचा फोन वाजला. काका होते.

"अगं, आले ना सगळे? बारक्या आहे ना?" काकांचा आवाज फाटला होता. "साहेब विचारतायत, नाव काढायला सांगू का तुझं. त्यांना स्वतःला बोलवत नाहीये, म्हणून मला बोलायला लावलं."

ताईने रंगाऱ्यांकडे पाहिलं. "गवंडी कुठे आहेत?" तिने म्होरक्याला विचारलं.

"ते आमच्या आधीच निघाले."

"तू बघितलंस?"

"आवाज आला जाताना. गेले असतील. बहुतेक."

बहुतेक. सकाळी आत किती जण गेले ते आता जगात कुणालाच माहीत नव्हतं. ज्या यादीला माहीत होतं, तिला तिनेच एका ओळीत ते पुसायला शिकवून ठेवलं होतं. मुकादमाने लक्षात ठेवलं नव्हतं, ठेवायचं कशाला, यादी होती ना. गवंड्यांचे फोन लागत नव्हते. झाडाखाली कुणी नव्हतं.

ती भर उन्हात, कोरड्या जमिनीवर उभी होती. ती फोनमध्ये म्हणाली, "काका, मी अजून आत आहे."

"बरं," काका म्हणाले. "मी बटणाला हात लावत नाही. कुणालाही लावू देत नाही."

बारक्या तिच्यासोबत निघाला. तिने त्याचा दंड धरून त्याला बदली मुकादमाच्या समोर बसवलं. "तू इथून हलायचं नाहीस. याने तुझ्याकडे बघत राहायचं आणि तू याच्याकडे." बारक्याला हसू आलं. मग तिचा चेहरा बघून तो बसून राहिला.

म्होरक्याला घेऊन ती शेवटपर्यंत चालत गेली. आता दिवे होते, आणि दिव्यांत बोगदा आणखीच लांब दिसत होता. प्रत्येक कोनाड्यात तिने उजेड मारला. परांचीखाली वाकून पाहिलं. लांबच्या वळणावर रंगाचे डबे कलंडलेले होते आणि त्यांच्यात तिची बाटली अडकून पडली होती. पुढे गवंड्यांची ओली पाटी, थापी, एक फडकं. माणूस नाही. ती हाक मारायची, थांबायची, ऐकायची. कुणी ओ देत नव्हतं. कुणी नसलं तरी अशीच शांतता, आणि कुणी ओ देण्याच्या पलीकडे गेलेलं असलं तरी अशीच. रिकाम्या यादीकडे बघून हे तिला कधी सुचलं नव्हतं.

ती थेट वरच्या दारापर्यंत गेली. पोलादी दार भिंतीसारखं उभं होतं आणि त्याच्या तळाशी अजून थेंब पाझरत होता. तिने त्याला तळहात लावला. सोललेल्या कातड्याला लोखंड झोंबलं. पलीकडचं पाणी दाराला टेकून उभं होतं आणि दार अगदी बारीक थरथरत होतं. मग ती वळली.

परत बाहेर येईपर्यंत चष्मिसने गवंड्यांना शोधून काढलं होतं. ते रस्त्यापलीकडच्या टपरीत चहा पीत बसले होते आणि आपल्यासाठी इतकी धावाधाव का चाललीय ते त्यांना कळत नव्हतं. ताईने त्यांना टपरीतून उठवून समोर उभं करायला लावलं. एकेकाला विचारलं, तुझ्यासोबत कोण होतं, आणि तो ज्याचं नाव घेई त्याच्या खांद्याला हात लावून पाहिलं. गवंडी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत होते. मिचकावू दे, म्हणाली ती मनात.

शेवटी बदली मुकादमाने टॅबलेट उचलला. यादीत एकच नाव होतं.

"माझ्याकडे बघ," ताई म्हणाली.

पोराने तिच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मग नाव काढलं, सेव्ह दाबलं आणि दाराला कडी घातली. पडद्यावर आत कोणी नाही, अशी हिरवी अक्षरं होती. ताईला त्यांच्याकडे बघवेना. थोड्या वेळाने वर मोटर घुमू लागली आणि बंद दारामागे बोगदा हळूहळू बोलायला लागला, आधी कुजबुजल्यासारखा, मग मोठ्याने. रंगारी ऐकत बसले. त्यांच्यातलं कुणी उठून गेलं नाही.

ताई शेडच्या पायरीवर बसली होती. बारक्या तिला चिकटून, मोजे पिळत. तिचा फोन वाजला.

"अगं, अजून कामातच आहे का तो?" आई म्हणाली. "कधीची वाट बघतेय. बारक्या बाहेर आला का?"

बारक्याचा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता. त्याच्या मोज्यांचं पाणी तिच्या पायावर पडत होतं. ताईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवला, केस घामाने ओले होते, डोकं गरम होतं.

"हो आई," ती म्हणाली, "आला."